हुकूम सुटतो, पोच येत नाही

दूरचित्रवाणीच्या संचाभोवती एकेक उपकरण जमत जाते आणि प्रत्येकाबरोबर त्याचा स्वतंत्र रिमोट घरात येतो. मग या चार-पाच रिमोटांचा कारभार एकाच्याच हाती असावा म्हणून आपण युनिव्हर्सल रिमोट नावाचा कुलमुखत्यार नेमतो, त्याला आवश्यक ते हुकूम पढवतो, आणि तो सुरळीत काम करू लागला म्हणजे त्याच्यापाशी कोणते हुकूम कोठून आले याची चौकशी करण्याचे प्रयोजनच उरत नाही. ही चौकशी अंगावर येते ती संचात नव्या उपकरणाची भर पडते त्या दिवशी. नव्याला जागा करून देताना जुने सर्व पुसले जाण्याचा संभव किती निकट असतो, हे आमच्या पुण्याच्या घरी जे घडले त्यावरून मला पुरते कळले. ज्यांना आपल्या होम थिएटरचा विस्तार करावयाचा आहे त्यांच्यासाठी ते तपशीलवार सांगतो.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त परदेशी जाताना आपला एव्ही रिसीव्हर, पाच स्पीकर आणि सबवूफर अशी सामग्री आमच्या हवाली करून गेला. तोपर्यंत आमच्याकडे टीव्ही, केबलचा सेट-टॉप बॉक्स आणि ब्लू-रे प्लेअर अशी तीन उपकरणे होती, व ती तिन्ही एकाच युनिव्हर्सल रिमोटच्या आज्ञेत निमूटपणे नांदत होती. जोडणीसाठी आलेला तरुण तारांच्या कामात निष्णात होता. एकही तार लोंबकळती न ठेवता त्याने सर्व मांडणी केली, आणि शेवटी रिमोटला रिसीव्हरची ओळख करून देण्यासाठी पत्रकातील चार आकडी कोड एकामागून एक घालू लागला. एकही लागू पडेना, तेव्हा रिमोटच अडकला असावा असे निदान करून तो म्हणाला, "काका, एकदा रीसेट मारून बघतो, पाच मिनिटांचं काम आहे." दिवा लुकलुकला, आणि त्या क्षणी केबलच्या बॉक्सची सर्व बटणे निर्जीव झाली. टीव्ही आणि प्लेअर यांचे कोड पत्रकात होते, ते त्याने लगोलग परत घातले. परंतु बॉक्सचा कोड पत्रकात मुळात नव्हताच, आणि ज्या मूळ रिमोटवरून ती बटणे पूर्वी शिकवली होती तो, आतील रबर झिजल्यामुळे, केव्हाच भंगारात गेला होता.

येथे ज्या भेदाकडे सामान्यतः कोणाचे लक्ष जात नाही तो नीट समजून घेतला पाहिजे. युनिव्हर्सल रिमोटच्या स्मृतीत दोन प्रकारचे हुकूम असतात. पहिला प्रकार कारखान्यातच भरलेला असतो: अनेक कंपन्यांच्या उपकरणांची संकेतसूची आत तयार असते, व आपण घातलेला चार आकडी कोड त्या सूचीतील एका पानाकडे केवळ बोट दाखवतो. दुसरा प्रकार शिकवलेल्या हुकुमांचा. त्यांत रिमोटने दुसऱ्या रिमोटच्या अवरक्त किरणांचे स्पंदन टिपून जसेच्या तसे साठवलेले असते. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी १९८७ साली बाजारात आणलेला 'कोअर' नावाचा रिमोट याच शिकण्याच्या विद्येवर उभा होता, आणि आज आपल्या केबलच्या बॉक्सबरोबर येणाऱ्या साध्या रिमोटवरही टीव्हीसाठी चार-पाच बटणे शिकण्याची सोय बहुधा असते. रीसेट केल्यावर पहिला प्रकार सहज परत मिळवता येतो, कारण सूची जागच्या जागी असते. दुसरा मात्र मूळ रिमोट हाताशी असेल तरच मिळतो, एरवी कायमचा गेला. म्हणून ज्या उपकरणाचे हुकूम शिकवून भरले आहेत त्याचा मूळ रिमोट, मग तो कितीही मोडका असो, बडतर्फ करू नये. त्यातील सेल काढून ठेवावेत, कारण विसरलेल्या सेलातून झिरपणारे क्षार आतील धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतात, आणि अंगावर उपकरणाचे नाव लिहून त्याला कपाटात दप्तरदाखल करावे.

आमची सुटका बुधवार पेठेतील तपकीर गल्लीने केली. बॉक्सच्या पाठीवरील मॉडेलाचे छायाचित्र दुकानदाराला दाखवताच त्याने खोक्यातून तसाच एक रिमोट काढून दिला, आणि त्यावरून सर्व बटणे नव्याने शिकवली गेली. मुंबईकरांना हीच सोय लॅमिंग्टन रोडवर आहे. परंतु बॉक्स जुना असेल आणि केबलवाल्याने ते मॉडेल मोडीत काढले असेल, तर अशा खरेदीवर फार विसंबू नये.

रीसेटचा मार्ग धरण्यापूर्वी दोन गोष्टी पाहावयास हव्या होत्या. एक तर सेल. रिमोट टीव्हीला चालवतो म्हणून त्याचे सेल ठीक आहेत असे अनुमान काढणे धोक्याचे, कारण नवा कोड स्मृतीत लिहिताना किंवा दुसऱ्याचे किरण टिपताना अशक्त सेल दगा देतात. क्षणभरात सुटणारा हुकूम मात्र ते अजून सोडू शकतात. दुसरी गोष्ट अशी की रिसीव्हर हे उपकरण कोणत्या बटणाखाली घालावयाचे याची मुभा प्रत्येक रिमोट देत नाही. पुष्कळ रिमोटांत 'टीव्ही' या बटणाखाली केवळ टीव्हीचेच कोड स्वीकारले जातात आणि रिसीव्हरला 'ऑडिओ' किंवा 'ऑक्स' हे बटण राखलेले असते. आमच्याकडे नेमके हेच झाले होते. कोड बरोबर होता, दरवाजा चुकीचा होता. शिकवलेल्या हुकुमांना हात न लावता हे बटण बदलले असते तर काम भागत होते.

आता शिकवण्याच्या विधीविषयी. दोन्ही रिमोट सपाट मेजावर, तोंडाशी तोंड करून, दोन ते पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवावेत, आणि त्यांच्या पुढील काचा एका उंचीवर येतील असे पाहावे. एक जाड आणि एक पातळ असेल तर पातळाखाली पुस्तक घालावे. हे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. दर सेकंदाला सामान्यतः ३८,००० वेळा लुकलुकणाऱ्या झोतावर त्यांची अक्षरे कोरलेली असतात, सोनीच्या पद्धतीत ४०,००० आणि फिलिप्सच्या पद्धतीत ३६,०००. सीएफएल दिवे याच्याच आसपासच्या गतीने स्पंदन पावतात, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात तर अवरक्त किरणांचा पूरच असतो. यास्तव शिकवताना दिवा मालवावा आणि पडदा ओढावा. मूळ रिमोट मुळात बोलतो आहे की नाही याची शंका असल्यास मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे: बहुधा पुढील कॅमेऱ्यात रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका उमटतो. बटण किती वेळ दाबावे हे पुस्तिकेत पाहावे, आणि प्रत्येक बटण शिकवताच लगेच त्याची रुजुवात करावी. सर्व बटणे शिकवून झाल्यावर तपासणी करणे म्हणजे दोष कोठे शिरला याचा माग स्वतःच पुसणे.

एक विचित्र दोष मात्र या तपासणीतही सुटतो. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत प्रत्येक नव्या दाबण्यासरशी संदेशातील एक अंश पालटतो, जेणेकरून बटण एकदा दाबून धरले आहे की दोनदा दाबले आहे हे उपकरणाला समजावे. शिकलेल्या रिमोटने हा अंश गोठवून साठवला असेल तर प्रत्येक अंक सुटा नीट चालतो, परंतु २२ क्रमांक मागितला की उपकरण एकच २ ऐकते. अशा वेळी तास न् तास पुनःपुन्हा शिकवीत बसू नये. अंतर्गत सूचीत त्या उपकरणाचा कोड सापडत असेल तर तोच घ्यावा, कारण त्या मार्गाने रिमोट संदेश स्वतः रचतो आणि तो अंश आपोआप पालटतो.

रिसीव्हर आल्यावर आवाजाची बटणे कोणाकडे जावीत हा प्रश्न उठतोच. टीव्हीच्या अंगचे स्पीकर त्याच्या मेनूतून बंद करावेत, आणि रिमोटवर कोणतेही उपकरण निवडलेले असले तरी आवाजाची बटणे सदैव रिसीव्हरशीच बोलतील अशी योजना करावी. बहुतेक बऱ्या रिमोटांत ती असते. तसेच एकाच कंपनीची, एकाच जातीची दोन उपकरणे शेजारी आली तर पंचाईत होते. संदेशात हुकुमाबरोबर पत्ताही असतो. दोघांचा पत्ता एक असला म्हणजे एकाला दिलेली आज्ञा दोघेही पाळतात. यासाठी काही रिसीव्हरांत रिमोटचा क्रमांक बदलण्याची तजवीज असते, आणि सोनीच्या अनेक प्लेअरांत तशा निरनिराळ्या रीती दिलेल्या असतात. नव्या उपकरणाचा पत्ता बदलावा, जुन्याला हलवू नये.

सर्वांत अधिक मनस्ताप ज्याने दिला तो प्रकार अद्याप सांगावयाचा आहे. रिमोटवर मॅक्रोची सोय असते: एक बटण दाबताच ठरलेले हुकूम क्रमाने सुटतात, टीव्ही चालू, रिसीव्हर चालू, बॉक्स चालू, आणि मग टीव्ही अमुक इनपुटवर. कल्पना रम्य आहे. परंतु रिमोट हा केवळ जावक बारनिशी सांभाळणारा कारकून आहे. त्याच्याकडून हुकूम सुटतो, त्याची पोच मात्र कधीच येत नाही. टीव्ही आधीपासून चालू होता की बंद, हे जाणून घेण्याचा कोणताही मार्ग त्याला उपलब्ध नसतो. आणि बहुतेक उपकरणांच्या मूळ रिमोटवर चालू व बंद यांना एकच बटण, म्हणजे एकच संदेश, असतो. संध्याकाळच्या बातम्यांसाठी आईने ते बटण दाबावे, तर आधीच चालू असलेला टीव्ही बंद होई, रिसीव्हर जागा होई, आणि अंधाऱ्या पडद्यामागून निवेदिकेचा धीरगंभीर स्वर पाचही स्पीकरांतून घुमू लागे. आईने पुन्हा दाबले की टीव्ही उजळे आणि स्पीकर मूक होत.

याला उपाय आहे. पुष्कळ उपकरणे 'केवळ चालू' आणि 'केवळ बंद' असे दोन पृथक् संदेशही ओळखतात, मात्र कंपनी त्यांची बटणे रिमोटवर देत नाही. ते संदेश रिमोटच्या अंतर्गत सूचीत कधी आढळतात, कधी जाणकारांच्या साहाय्याने भरावे लागतात. ते मिळाले तर मॅक्रो निर्धोक होतो. दुसरे असे की टीव्ही चालू झाल्यावर काही सेकंद तो कोणाचेच ऐकत नाही, म्हणून मॅक्रोत चालू करण्याचा हुकूम आणि इनपुटचा हुकूम यांच्यामध्ये विराम पेरावा. तो नसला तर हुकूम वेळेवर सुटतो आणि बहिऱ्या कानावर पडतो.

आणि तिसरे, जे समजावयास मला सर्वांत विलंब लागला. एचडीएमआयच्या तारेत १३ व्या पिनवरून सीईसी नावाची एक स्वतंत्र वार्ता चालते, जिच्या योगाने रिसीव्हर चालू होताच टीव्ही आपणहून चालू होतो. कंपन्यांनी तिला ब्राव्हिया सिंक, एनीनेट प्लस, सिम्पलिंक अशी आपापली नावे दिली आहेत. म्हणजे मॅक्रोच्या क्रमात रिसीव्हर आधी असला तर त्याने सीईसीमार्फत टीव्हीला जागे केलेले असते, आणि पाठोपाठ रिमोटचा हुकूम येऊन त्याला पुन्हा निजवतो. एकाच मुलखावर दोन अंमलदार नेमले की जे होते तेच येथे होते. तेव्हा एकालाच अधिकार द्यावा: सीईसी ठेवावयाचे असेल तर मॅक्रोतून टीव्हीचा हुकूम काढावा, किंवा मॅक्रो ठेवावयाचा असेल तर टीव्हीच्या मेनूत सीईसी बंद करावे. मात्र रिसीव्हरकडे टीव्हीचा आवाज त्याच तारेतून परत नेणारी एआरसी ही सोय काही टीव्हींत सीईसीशी निगडित असते. बंद करण्यापूर्वी आवाज जातो का हे पाहावे. आमच्या घरी तो गेला, म्हणून सीईसी राहिले आणि मॅक्रो छाटला.

या सर्व व्यवहारासाठी एक वही घालावी. कोणत्या बटणाखाली कोणते उपकरण, त्याचा कोड कोणता, कोणती बटणे शिकवलेली व कोणत्या रिमोटवरून, मॅक्रोचा क्रम काय, एवढी नोंद पुरे. आणि कोणीही कारागीर रिमोटला हात लावण्यापूर्वी ती त्याच्यासमोर ठेवावी. स्मृतीचा संगणकावर दाखला उतरवून ठेवण्याची सोय ज्या रिमोटांत असे त्यांची गोष्ट वेगळी. पण त्यांतील सर्वांत नामांकित, लॉजिटेकचा हार्मनी, याचे उत्पादन २०२१ साली थांबले.

काही उपकरणे या मुखत्यारपत्राखाली येतच नाहीत, आणि त्यांच्यासाठी हट्ट धरू नये. टीव्हीला टोचावयाच्या फायर टीव्हीसारख्या स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो आणि टीव्हीशी मात्र अवरक्त किरणांनी. त्यामुळे अवरक्त शिकणाऱ्या रिमोटला त्याच्या आवाजाची व चालू-बंदची बटणे टिपता येतील, स्टिकच्या मेनूत फिरवणारी बटणे येणार नाहीत. उलट बाजूने मात्र मार्ग खुला आहे: त्याच स्टिकच्या सेटिंगमध्ये जाऊन तिच्या रिमोटची आवाजाची बटणे टीव्हीऐवजी रिसीव्हरकडे वळवता येतात, आणि आईच्या हाती आम्ही शेवटी तोच दिला. एसीचे बटण युनिव्हर्सल रिमोटला शिकवण्याचा मोह तर सर्वथा टाळावा; एसीचा रिमोट प्रत्येक दाबण्याबरोबर तापमान, पंख्याची गती, रीत अशी संपूर्ण स्थिती एकाच संदेशात पाठवतो, तेव्हा २४ अंशांवर असताना शिकवलेले 'वाढवा' हे बटण कितीही वेळा दाबले तरी खोली त्याच एका ठरलेल्या अंशावर येऊन थांबते.