ग्रामविकास आराखडा आणि महिलांचा सहभाग : प्रश्न हंगामाचा

ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी ‘सबकी योजना, सबका विकास’ ही लोकमोहीम २०१८ मध्ये सुरू झाली. तिचा आरंभ साधारणपणे २ ऑक्टोबरला होतो आणि शिवारफेरीपासून ग्रामसभेच्या मान्यतेपर्यंतचे टप्पे पुढील काही महिन्यांत पूर्ण केले जातात. नेमक्या याच काळात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनची कापणी-मळणी चालू असते व कपाशीची वेचणी सुरू होते. वेचणी हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम असून तिची मजुरी बहुधा किलोवर मिळते. सभेसाठी दिलेला अर्धा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची बुडालेली कमाई. बीड परिसरातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत जे ठरते, ते त्यांच्या माघारी ठरते. छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई परिसरातही हे दिवस धानकापणीचे असतात.

कायद्याने मार्ग ठेवलेला नाही, असे मात्र नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सदस्यांची सभा घेणे आवश्यक आहे. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तीत स्त्रिया किती असाव्यात, हे सांगितलेले नाही. शेजारच्या छत्तीसगडने गणपूर्ती एक-दशांश ठेवली, परंतु तीत किमान एक-तृतीयांश स्त्रिया असण्याची अट घातली. ही अट आपल्याकडेही यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरीही हंगामाचा प्रश्न केवळ गणपूर्तीने सुटत नाही.

दुसरी अडचण ‘शेतकरी’ या शब्दातच आहे. शेततळे, विहीर किंवा ठिबक यांविषयीच्या बैठकीचे निमंत्रण खातेदाराला जाते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. सातबाऱ्यावर नाव नसलेली स्त्री निंदणी, वेचणी, बियाण्याची राखण आणि जनावरांचे चारापाणी सांभाळते, पण निमंत्रितांच्या यादीत ती नसते. वारसनोंद रखडलेल्या विधवेची स्थिती याहून बिकट असते.

महिला सभा घेतली म्हणजे सर्व स्त्रियांचे मत कळले, असेही समजू नये. तणनाशकाचे उदाहरण पाहावे. जमीनधारक कुटुंबातील स्त्रीला त्यामुळे निंदणीच्या कष्टातून सुटका मिळते. भूमिहीन मजूर स्त्रीचा तोच रोजगार जातो. कापूस वेचणी यंत्राबाबतही हीच विभागणी संभवते. एकाच सतरंजीवर बसलेल्या या दोघींपैकी बोलते ती सहसा पहिली, कारण दुसरीला उद्या तिच्याच शेतावर कामाला जायचे असते. म्हणून मजूर स्त्रियांची बैठक त्यांच्याच वस्तीत, वेगळी घ्यावी. विस्तार कार्यकर्त्यांनी तंत्रज्ञान सुचवताना कोणाचे श्रम वाचतील याबरोबरच कोणाची मजुरी जाईल, हेही त्या बैठकीत विचारावे.

वेळेचा उपाय अवघड नाही. स्थलांतरित कुटुंबांची मागणी सप्टेंबरमध्येच, मुकादमाची गाडी येण्यापूर्वी, लेखी घ्यावी. ग्रामसभा व मोहिमेच्या तारखा वरून ठरत असल्या, तरी त्यांआधीची चर्चा कधी व्हावी हे गाव ठरवू शकते. वेचणीच्या दिवसांत वस्तीतील बैठक संध्याकाळच्या स्वयंपाकानंतर ठेवावी आणि अंगणवाडीत घ्यावी. ग्रामपंचायतीच्या ओट्यापेक्षा तेथे स्त्रिया मोकळेपणाने बसतात. शिवाराचा नकाशा स्त्रियांकडून स्वतंत्रपणे काढून घ्यावा. पुरुषांच्या नकाशात विहिरी व पाट ठळक येतात; स्त्रियांच्या नकाशात हातपंप, सरपणाची जागा आणि पावसाळ्यात चिखलात बुडणारी शेताची पायवाट उमटते.

महिला सभेच्या इतिवृत्तातील प्रत्येक मागणीला क्रमांक द्यावा. ते इतिवृत्त ग्रामसभेत वाचले जावे आणि आराखड्यात न घेतलेल्या मागणीपुढे नकाराचे कारण लिहावे. ही नोंदवही पुढील वर्षीच्या पहिल्या बैठकीत प्रथम उघडावी.