दोन डाव्या बाह्या

काल फोन ठेवला, पण तुझं एक वाक्य डोक्यातनं जाईना. "आक्का, शिलाई मशीनची घडवंची झालीय बघ." हसत म्हणालीस, पण हसण्यामागचा सूर मला कळतो. हौसेनं घेतलेली मशीन, तिच्यावर इस्त्रीचे कपडे, त्यावर थोरल्याचं दप्तर, सगळ्यात वर धाकटीची दुपटी. आणि येता-जाता तिच्याकडं बघून जिवाला टोचणी. अगं, माझ्या मशीनवर दीड वर्ष लोणच्याची बरणी होती. तुला कधी बोलले नाही, एवढंच.

म्हणून आज शाळेतनं आले, चहा घेतला आणि लिहायलाच बसले. फोनवर हे जमायचं नाही. तिकडं तुझी धाकटी रडते, इकडं माझा कुकर शिट्ट्या मारतो.

आधी माझी फजिती ऐक. लेकीचा पाचवा वाढदिवस होता. गुळेदगुड्डचा खण आणला होता, जांभळ्या रंगाचा, त्याचा फ्रॉक शिवायचा म्हणून. रविवार मोकळा मिळेल म्हणून वाट बघितली. पहिल्या रविवारी पाहुणे, दुसऱ्या रविवारी शाळेचं काम. शेवटी वाढदिवसाच्या आदल्या रात्री अकराला, भांडी आवरून बसले. बाहीचा कागद एकेरी कापडावर ठेवला, कापला. परत ठेवला, परत कापला. जोडायला घेतलं तेव्हा दिसलं, दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! दुसऱ्या वेळी कागद उलटा करायचा राहिला होता. खणाला सुलटी-उलटी बाजू असते, त्यामुळं फिरवून लावायचीही सोय नाही. कापड संपलेलं. त्या वेळी काही सुचलंच नाही. मशीनवर डोकं टेकून रडले. लेकीनं गेल्या वर्षीचाच फ्रॉक घातला. तिचं काही अडलं नाही, माझंच अडलं.

दुसऱ्या दिवशी आई आली. तिनं त्या बाह्या उलटसुलट करून बघितल्या आणि दोनच प्रश्न विचारले.

"कापलंस कवा?"

"रात्री."

"आणि शिवायला बसलीस कवा?"

"तवाच की."

"मग चुकणारच. पानं कापायची वेळ येगळी, बिडी वळायची वेळ येगळी."

तुला आठवतंय का गं, तू लहान होतीस. रात्री आई बिडीची पानं भिजत घालायची. पहाटे ती निथळून पत्र्याच्या साच्यावर धरून एकसारखी कापायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. तेव्हा ती कुणाशी बोलायची नाही. मग दिवसभर मांडीवर सूप, सुपात जर्दा, आणि बोटं आपली चालू. तू पाठीवर लोंबकळायचीस, मी शेजारी बसून पाढे म्हणायची, शेजारीण उंबऱ्यात येऊन गप्पा हाणायची, तरी बिडी वाकडी व्हायची नाही. कारण ज्याला डोकं लागतं ते काम आधीच उरकलेलं असायचं. उरलेलं फक्त हातांचं.

हेच शिवणात आण. कापणं हे डोक्याचं काम. ते सकाळी, ताज्या मनानं, पोरं शाळेत किंवा आजोबांकडं असताना कर. महिन्यातनं एकदाच बस आणि दोन-तीन कामं कापून ठेव. त्या दिवशी मशीनला हातसुद्धा लावायचा नाही. कापड दुहेरी घडी घालून काप, म्हणजे डावी-उजवी आपोआप निघते. थोरल्याच्या मापाचा कागद वर्तमानपत्राचा करू नकोस, दोन दिवसांत फाटतो. जुन्या कॅलेंडरच्या पानाचा कर. वर तारीख आणि उंची लिही. पुढच्या वर्षी पोरगं वाढलं की त्याच कागदाला कडेनं वाढव. हा आपला पत्र्याचा साचा!

कापलेल्या प्रत्येक कामाची वेगळी पिशवी कर. आत कापलेले तुकडे, त्याच रंगाचं रीळ, लागणारं इलॅस्टिक, बटणं, सगळं. मग वीस मिनिटं मिळाली की पिशवी उचलायची आणि टीप मारायची. शोधाशोध नाही. आपली वीस मिनिटं शिवण्यात कधीच जात नाहीत बघ, कात्री शोधण्यात जातात. पांढऱ्या दोऱ्याची कामं एका बैठकीत, निळ्याची दुसऱ्या. हातशिलाई, म्हणजे हूक, काज, दुमड, ती वेगळ्या पिशवीत. ती बालवाडीच्या फाटकाशी उभी राहूनही होते.

आता काय शिवायचं? पहिल्यांदा ब्लाऊजच्या वाटेला जाऊ नकोस. कटोरी आणि मुंढा यांनी भल्याभल्यांना रडवलंय. ब्लाऊज टेलरकडं दे, तिचंही पोट आहे. तू उशीच्या अभ्र्यापासून सुरू कर, आणि चेन न लावता. सोळा इंची चौकोनी उशी असेल तर कापड १७ इंच रुंद आणि ३९ इंच लांब घे. लांबीच्या दोन्ही टोकांना एक-एक इंच दुमड घालून टीप मार, राहिले ३७. आता सुलटी बाजू आत ठेवून अशी घडी घाल की मधे पाच इंच एकावर एक येतील आणि एकूण उंची १६ भरेल. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडून सरळ शिवण. उलटून घे, झाला अभ्रा. चार सरळ टिपा, बस्स. त्यानंतर थोरल्याचा इलॅस्टिकचा पायजमा. इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी घे. पायाशी दोन इंच जास्तीची दुमड ठेव, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून सोडता येते.

मशीनची एक गोष्ट नीट सांगते, कारण बहुतेक बायका तिथंच मशीन झाकून ठेवतात. टीप मारताना कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतो ना, तेव्हा सगळ्या आधी बॉबीनला शिव्या घालतात, तिचा स्क्रू पिळतात. दोष तिथं नसतो. खाली गुंता झाला म्हणजे वरचा दोरा सैल आहे, नाहीतर टेन्शनच्या चकत्यांच्या मधे बसलेलाच नाही. मशीनचा पाय वर उचलून वरचा दोरा पहिल्यापासून ओवून बघ. दहातल्या आठ वेळा तेवढ्यानं भागतं. आणि उलट, वरच्या अंगाला फासे दिसले तर मग बॉबीनकडं बघ. सुई बोथट झाली की टाके चुकतात. साध्या सुती कापडाला १४ नंबर, जीन्सला १६, पातळ मलमलीला ११. दात्यांवरची पट्टी काढून जुन्या टूथब्रशनं साठलेली लव झाड, एक थेंब तेल घाल, आणि पहिल्या टिपा चिंधीवर मार, नाहीतर नव्या कापडावर डाग पडतो.

आणि पोरांचं. तुझी मशीन पायाची आहे, तर उठताना चाकाचा पट्टा उतरवायचा, हा नेम कर. नाहीतर तू गॅसकडं वळलीस की थोरला पायडल मारणार आणि धाकटीचं बोट सुईखाली. टाचण्या मोजून घ्यायच्या, मोजून ठेवायच्या. बटणांचा डबा थोरल्याला रंग निवडायला दे, धाकटीच्या हाती मात्र लागू देऊ नकोस. ती सगळं तोंडात घालायच्या वयाची आहे.

एवढं सगळं सांगितलं, पण ज्याच्यासाठी लिहायला बसले ते अजून बोललेच नाही.

तू म्हणालीस, "आक्का, शेजारची म्हणते, एवढी मशीन आहे तर फॉल-पिको कर, ऑर्डरी घे. रिकामी कशाला बसतेस?" दोन पोरं, नोकरी, आणि वर रिकामी! अगं, पैशाची गरज असेल तर जरूर कर, आणि मजुरी सांगताना लाजू नकोस. आपल्या गल्लीत एकीनं सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन-दोन हजार साठवून मशीन घेतली, आता तिचं घर त्यावर चालतं. मला तिचा अभिमान वाटतो. पण तुझी हौस ही हौसच असेल, तर तिचा धंदा व्हावा म्हणून कुणाच्या धाकात राहू नकोस.

हे मी आईकडं बघून शिकले. आपल्या निपाणीत बाईचा हात कधी बिनमोजणीचा राहिलाय? तंबाखूच्या वखारीत मजुरी मोजून, घरी बिडी हजाराच्या हिशेबानं. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायच्या, आणि कारखान्यात दिल्या की त्यातनं नापास बिड्यांची छाट निघायची. वळायला दिवस गेला तो तुझा, छाट निघाली तीही तुझी. वखारीतल्या बायका याच मजुरीसाठी उभ्या राहिल्या. त्यांच्यावर युगांतर या गटानं १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला, तो मी फार उशिरा बघितला. पडद्यावरच्या त्या बायकांचं बोलणं ऐकताना मला वाटलं, आपल्याच गल्लीत बसलेय.

पण आईचं एक काम त्या मोजणीत नव्हतं. वाकळ. दुपारी सूप बाजूला सारलं की ती तासभर वाकळ पसरायची. आजोबांचं धोतर, तिची विटलेली इरकल, तुझी झबली, माझा शाळेचा फ्रॉक. धावदोरा घालत जायची. तेव्हा ती घाई करायची नाही, टाके मोजायची नाही, वाकडा गेला तर उसवायची नाही. त्यात कुणी छाट काढणारं नव्हतं ना! मला तेव्हा वाटायचं, एवढी दमलेली बाई झोपत का नाही? आता कळतं. तीच तिची विश्रांती होती.

ही वाकळ एकट्या आपल्याकडची नाही, बरं. तुझ्या शेजारच्या कन्नड काकूंना वाकळ म्हटलंस तर कळणार नाही, कौदी म्हण, लगेच पेटी उघडून दाखवतील. खानापूरच्या पलीकडं हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका अशीच कवंदी शिवतात. एका कोपऱ्यातनं सुरुवात करून कडेकडेनं आत शिवत जातात, आणि शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. कोपरे उघडे ठेवत नाहीत. धारवाडकडच्या कशिद्यात गवंती नावाचा टाका असा की साडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो, कापडाला गाठ म्हणून नाही. रात्रीची निजवानीज झाली की हे बघत बस, मोबाइलवर भांडणं बघण्यापेक्षा बरं. काकूंना एखादा टाका शिकवा म्हण. त्यांचं मराठी सुधारेल, तुझं कन्नड सुधारेल.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. तुझी नोकरी मोजलेली, पोरांचे मार्क मोजलेले, स्वयंपाकातल्या पोळ्यासुद्धा मोजलेल्या. हाताचं एक काम तरी मोजणीच्या बाहेर ठेव. त्यातनं काय वाचलं, किती सुटले, कुणी वा म्हटलं का, असलं काही विचारायचं नाही. कुणाच्या तरी बाळंतविड्यासाठी कुंची शिव, नाहीतर नुसता चिंध्यांचा चेंडू. महिन्यात अर्धाच अभ्रा झाला, तर अर्धा झाला. बाजारात शंभर रुपयाला मिळतो म्हणून कुणी हसलं, तर हसू दे. शंभर रुपये वाचवायला आपण शिवतच नाही.

आज रात्री एवढंच कर. मशीनवरचे कपडे उचलून कपाटात नाहीतर पलंगावर टाक, कुठंही टाक. झाकण उघड. पट्टा चढव. चिंधीवर एक टीप मार, आणि झोप. अभ्रा उद्या.

आणि सुट्टीत निपाणीला ये. २०२३ च्या जूनपासनं आपल्या कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे नाहीत, तेव्हा "भाडं किती होतं आक्का" हे कारण आता चालणार नाही. येताना तुझ्याकडच्या चिंध्या आण. आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण मी ओवून दिला की ती अजून दुपारभर धावदोरा घालते.

त्या दोन डाव्या बाह्यांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. फ्रॉक आईनंच बिनबाह्यांचा करून दिला. बाह्या तिनं ठेवून घेतल्या, मी विसरूनही गेले. पुढच्या थंडीत नवी वाकळ आली, तर तिच्या मधोमध जांभळा खण, दोन बाह्या शेजारी शेजारी, दोन्ही एकाच दिशेला वळलेल्या. लेक आता नववीत आहे. थंडीत तीच वाकळ लागते तिला. परवा अंथरूण घालताना बघितलं, झोपताना हात फिरवत ती जागा शोधत होती.

"काय शोधतीस गं?"

"बाही," म्हणाली, आणि डोळे मिटले.