हूक बसेल हो, पण ओढायचं कुणी?

प्रश्न : आमची गिरीजला वाडी आहे. केळी, शेवगा, जास्वंद असं थोडं थोडं सगळंच असतं. पावसाच्या तोंडावर शेणखताची पोती आणि रोपांच्या पिशव्या इकडून तिकडे न्याव्या लागतात. दारात छोटी पेट्रोल गाडी उभी आहे. न्यूझीलंडला असलेला भाचा म्हणतो, ‘मामा, इथे अशाच गाड्यांना मागे ट्रेलर असतो. हूक मागवा आणि घरीच बसवा.’ पाना-पक्कड मला चालवता येते. बसवू का?
– एक वाचक, गिरीज, वसई

उत्तर : बसवता येईल. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तरी बसवू नका, असंच मी म्हणेन, कारण या सगळ्या प्रकरणात हूक बसवणं हाच सर्वांत सोपा भाग आहे.

भाचा खोटं सांगत नाही. तिकडे कुठली गाडी किती वजन ओढू शकते, तो आकडा कंपनीच देते आणि त्या मॉडेलच्या मापाचा टोबार, म्हणजे टोकाला बॉल असलेला हुकाचा दांडा, तयार मिळतो. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असं सरळ लिहिलेलं असतं. ग्लव्ह बॉक्समधली ती पुस्तिका आधी उघडा. भाच्याने बॉल पाठवला असेल तर त्यावरचं मापही वाचा. न्यूझीलंडमध्ये ५० मिलिमीटरचा आणि पावणेदोन इंचांहून जरासा मोठा, ४७.६ मिलिमीटरचा, असे दोन्ही बॉल चालतात. ट्रेलरचं मोठ्या मापाचं कप्लिंग लहान बॉलवर बसल्यासारखं दिसतं आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून बाहेर येतं.

आता गाडीखाली शिरू. मागचा बंपर काढला (चाकाच्या कमानीतले स्क्रू, खालच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा, असल्या तर सेन्सरच्या वायरी), की आत एक आडवा बीम दिसतो. तो ज्या दोन पोकळ पट्ट्यांना धरलेला असतो, त्या पट्ट्या हाच मागच्या अंगाचा खरा सांगाडा. जीपला किंवा ट्रकला असते तशी वेगळी चासी इथे नसते. घड्या घातलेला पत्रा स्पॉट वेल्डिंगने जोडून केलेलं खोकं म्हणजेच गाडी. टोबारचा सगळा ताण या दोन पट्ट्यांवरच गेला पाहिजे. तिथे कंपनीने वेल्ड नट दिलेले असतील तर निम्मं काम झालं. नसतील तर भोकं पाडायची. पण पोकळ पट्टीतून बोल्ट आवळला की ती चेपते, म्हणून आत जाड नळीचा तुकडा घालावा लागतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा हवा. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट इथे चालत नाही. पाडलेल्या भोकाच्या कडेला झिंक प्रायमर लावला नाही, तर वसईची खारी हवा बाकीचं काम करते. स्पेअर चाकाच्या खळग्याच्या पत्र्यालाच हूक ठोकून देणारे असतात. तो पत्रा नुसतं चाक धरण्यापुरता असतो. आणि ‘वेल्डिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका. पेट्रोलची टाकी बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या सीटखाली असते आणि ताकदीचं पोलाद तापलं की त्याची ताकद उतरते.

वजनाचा हिशोब तुम्हाला बैलगाडीवरून चटकन कळेल. माल मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढे जास्त झाला की बैलांची मान दबते. ट्रेलरचं तसंच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा बॉलवर यावा. ट्रेलर आणि माल मिळून ३०० किलो धरले तर बॉलवर ३० किलो. बॉल मागच्या ॲक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे आणि दोन ॲक्सलमध्ये २.४ मीटर अंतर असेल, तर मागच्या चाकांवर ४० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे १० किलो कमी होतात. दहा किलो काही फार नाहीत, पण ओढणारी, वळणारी आणि जास्तीत जास्त ब्रेक लावणारी चाकं तीच. शिवाय पोती मागच्या फळीला लावली, की ट्रेलर उलाळ होऊन गाडीचं ढुंगण उचलतो आणि जरा वेग घेतला की शेपटीसारखा हलायला लागतो.

मला खरी धास्ती ब्रेकची आहे. तुमची गाडी जेमतेम आठशे किलोची. तिचे ब्रेक तिच्यासाठी आणि आत बसणाऱ्यांसाठी. मागून ३०० किलो बिनब्रेकचे ढकलत असतील आणि रस्ता जुलैतला असेल, तर गाडी एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे. युरोपात बिनब्रेकचा ट्रेलर ७५० किलोंपर्यंत आणि गाडीच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत चालतो, म्हणजे तुमचे ३०० किलो त्या नियमात बसतीलही. पण कंपनीचा आकडाच शून्य असेल तर तिकडेही शून्यच.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रेलरची नोंदणीही वेगळी लागते. नाक्यावरच्या फॅब्रिकेटरने जोडलेला सांगाडा एमएच-४८ च्या आरटीओ कार्यालयात नेलात, तर पहिला प्रश्न येईल तो मान्यतेच्या प्रमाणपत्राचा.

रस्त्यावर तर इतक्या गाड्यांना मागे हूक दिसतात, असं तुम्ही म्हणाल. त्यातले बरेचसे शोभेचे. मागून कुणी ठोकलं तर बंपर वाचावा म्हणून लावलेले. बंपर वाचतोही, पण जो धक्का बंपरने चेपून गिळायचा तो थेट त्या दोन पट्ट्यांत जातो. पाचशेचं प्लॅस्टिक वाचवायला गाडीचा कणा पुढे करायचा, हा हिशोब मला कधी कळला नाही.

तुमचं काम वर्षातून काही फेऱ्यांचं दिसतं. त्यासाठी छोटा हत्ती भाड्याने घ्या. २००५ मध्ये टाटांनी ही गाडी आणली ती अशाच गल्लीबोळांसाठी. पाऊण टनाच्या आसपास माल ती सहज नेते. पोती खाली आणि पुढे, रोपांच्या पिशव्या वर नाही तर मागे उभ्या. वाडीतल्या वाडीत न्यायचं असेल तर शेजारी कुणाकडे पॉवर टिलर आणि त्याची ट्रॉली आहे का, ते विचारा. दोन बांधांमधून ती निघते, तुमची गाडी निघणार नाही.