ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी : ओट, सोया, बदामाचं दूध घेताना

कोणाला दूध पचत नाही, कोणी प्राणिजन्य पदार्थ सोडलेले असतात, कोणाच्या मुलाला डॉक्टरांनी गाईचं दूध बंद करायला सांगितलेलं असतं. कारण काही असो, इथे आल्यावर सुपरमार्केटात ओट, सोया, बदाम, नारळ, तांदूळ अशा खोक्यांपुढे उभं राहायची वेळ येतेच. स्लाऊ, रेडिंग, मिल्टन कीन्स या भागांत वर्षानुवर्षं राहणाऱ्या मराठी घरांनी नव्यांना जे सांगितलं, ते इथे एकत्र केलं आहे. चव आणि किंमत यांवर मतं वेगवेगळी आहेत. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत : खोक्याची पुढची बाजू वाचत बसू नका, उलटं करून मागचा तक्ता बघा.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमची तक्रार फक्त दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गॅस होतो एवढीच असेल, तर लॅक्टोज काढलेलं गाईचं दूध इथे सहज मिळतं. चहा, दही, खीर सगळं पूर्वीसारखंच होतं. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर मात्र ते चालणार नाही.

आता तक्ता. शंभर मिलीलिटर गाईच्या दुधात साधारण ३.५ ग्रॅम प्रथिनं असतात. सोयाच्या पेयात ३ च्या आसपास. ओटमध्ये बहुधा १ किंवा त्याहून कमी, बदामात अर्धा ग्रॅम, तांदळाच्या आणि नारळाच्या खोक्यात तर नावापुरती. बदामाच्या खोक्यावर चित्र भरघोस बदामांचं असलं, तरी घटकांच्या यादीत ‘बदाम २ टक्के’ किंवा ‘२.५ टक्के’ असं लिहिलेलं सापडतं. बाकी बहुतेक पाणीच. चवीला ते छान लागतं, पण मुलाला ‘बदामाचं दूध’ पाजलं म्हणून पोषण झालं असं समजू नका. मांसमच्छी न खाणाऱ्या घरात प्रथिनांचा बराच वाटा दुधातून येतो, तिथे आमचा कौल सोयाला. चव नको असेल तर ओट घ्या, पण मग वरण-उसळींचं प्रमाण जाणीवपूर्वक वाढवा.

साखरेच्या ओळीत ओट फसवतो. वरून साखर घातलेली नसली तरी ओटमधला स्टार्च विकरांनी फोडताना माल्टोज ही साखर तयार होते, म्हणून ‘साखर घातलेली नाही’ असं छापलेल्या खोक्यातही शंभर मिलीला ३ ते ४ ग्रॅम साखर दिसते. घरात मधुमेह असेल तर ही ओळ आधी वाचा.

यापुढचा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि आयोडीन हे चारही वरून घातलेले आहेत का, ते बघा. कॅल्शियम १०० मिलीला १२० मिलिग्रॅम असेल तर ते गाईच्या दुधाच्या बरोबरीचं. ते तळाशी बसतं, त्यामुळे ओतण्याआधी खोका दर वेळी जोरात हलवा. ‘ऑरगॅनिक’ खोका जास्त चांगला असेल असं आपल्याला वाटतं, पण ऑरगॅनिकच्या नियमांमुळे त्यात ही भर बहुधा घातलेली नसते. शाकाहारी घरासाठी तो खोका उलट तोट्याचा.

आयोडीनकडे तर फारच थोड्यांचं लक्ष जातं. भारतात खायचं मीठ आयोडीनयुक्तच विकायचा कायदा आहे. इथे तसा नियम नाही, आणि सुपरमार्केटातलं साधं मीठ बहुधा बिनआयोडीनचंच असतं. इथल्या लोकांना आयोडीन मुख्यतः गाईच्या दुधातून मिळतं, कारण गाईंच्या खाद्यात ते मिसळलेलं असतं. म्हणजे मासे न खाणाऱ्या माणसाने इथे येऊन दूध सोडलं, तर त्याचे दोन्ही मार्ग एकदमच बंद होतात आणि त्याला पत्ताही लागत नाही. घरात कोणी गरोदर असेल तर हे अजिबात टाळू नका, कारण बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागतं. खोक्यावर ‘पोटॅशियम आयोडाइड’ शोधा. बऱ्याच खोक्यांत ते नसतं. मीठ भारतीय दुकानातून आणायचं तर पिशवीवर ‘आयोडाइज्ड’ वाचून आणा. सैंधव त्या कामाचं नाही. समुद्रशेवाळाच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका, त्यांतून आयोडीन प्रमाणाबाहेर जाऊ शकतं.

मुलांच्या बाबतीत इथल्या आरोग्यसेवेचा सल्ला स्पष्ट आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं काहीही मुख्य पेय म्हणून द्यायचं नाही. वर्षानंतर बिनसाखरेचं, कॅल्शियम घातलेलं सोया, ओट किंवा बदामाचं पेय समतोल आहाराबरोबर चालतं. तांदळाचं पेय पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही, कारण त्यात आर्सेनिकचं प्रमाण जास्त असू शकतं.

आता चहा. आपण चहा उकळतो, आणि तिथेच ही पेयं दगा देतात. ओट जास्त उकळला की स्टार्चमुळे चहा बुळबुळीत, दाट होतो. सोया फाटू शकतं. रेडिंगच्या एका घरातली रीत आम्ही बहुतेकांनी उचलली : पाणी, साखर, ठेचलेलं आलं आणि चहाची पूड चांगली उकळून कडक कोरा चहा करायचा, गॅस बारीक करायचा, मग फ्रिजबाहेर थोडा वेळ ठेवलेलं ‘बरिस्टा’ ओट ओतायचं आणि कडेला बुडबुडे दिसले की लगेच उतरवायचं. बरिस्टाच्या खोक्यात तेल जास्त असतं, आणि फाटू नये म्हणून फॉस्फेटसारखं आम्लता-नियंत्रक घातलेलं असतं. म्हणून ते चहासाठी घ्या, मुलाच्या पेल्यासाठी नको.

दही लावायचं असेल तर सोयाच. तेही ज्याच्या यादीत फक्त सोयाबीन आणि पाणी आहे असं. ओट आणि बदामात पुरेशी प्रथिनं नसल्याने विरजण लावूनही ते धरत नाही. सोलकढी किंवा शिरवाळ्यांच्या रसासाठी खोक्यातलं ‘कोकोनट ड्रिंक’ घेऊ नका, ते फार पातळ असतं. डब्यातलं ‘कोकोनट मिल्क’ घ्या आणि नारळाचं प्रमाण जास्त असलेला डबा निवडा.

पैशांचं म्हणाल तर फ्रिजबाहेरच्या फडताळावरचे खोके बघा. दुकानाच्या स्वतःच्या नावाचे खोके तिथे बरेच स्वस्त असतात, आणि तक्ता जुळला तर महागड्या नावाची गरज नाही. एकदा उघडला की खोका फ्रिजमध्ये ठेवून तीन ते पाच दिवसांत संपवा.

आई-बाबा काही महिन्यांसाठी राहायला आले आणि त्यांच्यापैकी कोणी थायरॉइडची गोळी घेत असेल, तर सकाळची गोळी आणि सोयाचा चहा एकत्र होऊ देऊ नका. सोयामुळे आणि कॅल्शियममुळेही ती गोळी अंगी लागायला अडथळा येतो. किती तासांचं अंतर ठेवायचं ते फार्मसीच्या काउंटरवर विचारा. त्यासाठी अपॉइंटमेंट लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.