ऑलिम्पिकची विजेती कॉलेजच्या संघात काय करते?

प्रश्न : जानेवारीत मुलीकडे अमेरिकेला गेले होते. तिथं आम्ही एका विद्यापीठातली जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा बघायला गेलो. एका मुलीला 10 पैकी 10 गुण मिळाले आणि सगळं प्रेक्षागृह उभं राहिलं. पण ऑलिम्पिकमध्ये तर 10 गुण केव्हाच बंद झाले ना? जावई म्हणाले, टोकियोत सुवर्णपदक जिंकलेली सुनी लीसुद्धा नंतर अशीच कॉलेजच्या संघातून खेळायची. ऑलिम्पिक जिंकल्यावर कॉलेजच्या स्पर्धा कशाला? अशा मुली अभ्यास तरी कधी करतात? माझी नात तिथं जिम्नॅस्टिक्स शिकते, म्हणून विचारते. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत, आणि पहिल्याचं उत्तर मिळालं की पुढचे दोन निम्मे सुटतात. म्हणून सुरुवात गुणांपासून.

नादिया कोमानेचीला 1976 साली माँट्रियलमध्ये 10 गुण मिळाले, तेव्हा फलकावर 1.00 असं उमटलं होतं, कारण तो फलक चार आकडे दाखवू शकतच नव्हता. पुढं तीस वर्षं 10 हाच जिम्नॅस्टिक्सचा कळस राहिला. 2006 पासून आंतरराष्ट्रीय महासंघानं ही पद्धत बदलली. आता दोन गुण वेगवेगळे मोजतात आणि त्यांची बेरीज करतात. एक गुण कसरत किती अवघड आहे याचा, त्याला वरची मर्यादा नाही. दुसरा ती किती स्वच्छ केली याचा, तो 10 पासून चुकांनुसार खाली येतो. टोकियोच्या सर्वांगीण, म्हणजे सगळ्या साधनांच्या एकत्रित, अंतिम फेरीत सुनी लीच्या अनइव्हन बार्सवरच्या कसरतीची काठिण्यपातळी 6.8 होती आणि सादरीकरणाचे गुण 8.5. बेरीज 15.300. सादरीकरणात दीड गुण कापला जाऊनही ती त्या दिवशीची फार मोठी कामगिरी होती.

अमेरिकेतल्या महिलांच्या कॉलेज स्पर्धांनी मात्र जुना 10 सोडला नाही. तिथं ठरावीक अवघड घटक पूर्ण केले की तुमची कसरत 10 पासून सुरू होते. त्याहून अवघड काही केलं तर जास्तीचा एक दशांशही मिळत नाही. मग सगळा भर कुठं जाणार? स्वच्छतेवर. पाय जुळलेले, पंजे ताणलेले, उतरताना पाऊलही न हललेलं. ख्यालगायकीत मुरलेल्या गायिकेनं पाच मिनिटांचं नाट्यपद निर्दोष म्हणून दाखवावं, तसं हे आहे. तिला अवघड काही येत नाही असं कुणी म्हणणार नाही, फक्त त्या बैठकीची मागणी निराळी असते.

तेव्हा तुम्ही बघितलेले 10 गुण खरेच होते. कॉलेजचे 10 आणि ऑलिम्पिकचे 15.300 यांची तुलना मात्र करू नये, कारण मोजपट्टीच वेगळी आहे. पडल्याचा दंडही सारखा नाही, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पूर्ण एक गुण जातो, कॉलेजात अर्धा. शिवाय कॉलेजची स्पर्धा मुळात संघाची असते. प्रत्येक साधनावर सहा जणी उतरतात, त्यांतल्या सर्वोत्तम पाच जणींचे गुण धरले जातात. चार साधनांचे मिळून जास्तीत जास्त 200 होतात, आणि 197 च्या वर गेलेल्या संघाला चांगला संघ म्हणतात. आपल्या मैत्रिणीची कसरत चालू असताना बाकीच्या मुली कडेला उड्या मारत, ओरडत असतात ते याचमुळे. ते शिष्टाचाराविरुद्ध नाही, तिथली रीतच ती आहे.

आता दुसरा प्रश्न. ऑलिम्पिकनंतर कॉलेज म्हणजे उतरण, असा समज आपल्याकडे सहज होतो, कारण आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ही पहिली पायरी असते. अमेरिकेतल्या जिम्नॅस्टसाठी ती पायरी बहुधा नंतर येते. खासगी क्लबमध्ये लहानपणापासून सराव, वयाची 16 वर्षं ज्या वर्षी पुरी होतात त्या वर्षापासून आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात प्रवेश, आणि अठराव्या वर्षी कॉलेज. त्यामुळे ऑलिम्पिक खेळून आलेली मुलगी प्रथम वर्षाच्या वर्गात बसलेली दिसते.

सुनी ली हे याचं ठळक उदाहरण. ती मिनेसोटातल्या सेंट पॉलची, ह्मोंग समाजातली. 29 जुलै 2021 रोजी तिनं टोकियोत सर्वांगीण सुवर्णपदक जिंकलं, आणि महिन्याभरात ती अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात दाखल झाली. ऑबर्नच का, याला एक घरगुती कारणही आहे. तिच्या क्लबचे प्रशिक्षक जेस ग्राबा आणि ऑबर्नचे प्रशिक्षक जेफ ग्राबा हे जुळे भाऊ. 2022 च्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत ती बॅलन्स बीमवर पहिली आली. सर्वांगीण प्रकारात मात्र ती दुसरी होती, पहिली आली फ्लोरिडाची ट्रिनिटी थॉमस, जी ऑलिम्पिक कधी खेळलेली नव्हती. ज्यांना कॉलेजची स्पर्धा हलकी वाटते, त्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

पण 2021 मध्येच हे सगळं का जमून आलं? याचं उत्तर पैशात आहे. कॉलेज क्रीडा संघटना, म्हणजे एनसीएए, खेळाडूनं हौशीच असलं पाहिजे या नियमावर कित्येक दशकं अडून होती. जाहिरात केली, कंपनीशी करार केला की कॉलेजकडून खेळण्याचा हक्क गेला. सिमोन बाइल्सनं 2014 मध्ये यूसीएलएकडून खेळण्याचं मान्य केलं होतं. 2015 मध्ये तिनं व्यावसायिक होण्याचा निर्णय घेतला आणि तो दरवाजा तिच्यासाठी कायमचा बंद झाला. पुढं तिनं एका ऑनलाइन विद्यापीठात प्रवेश घेतला, पण कॉलेजच्या संघात ती कधीच खेळू शकली नाही. उलट कायला रॉस आणि मॅडिसन कोशियन या ऑलिम्पिक सुवर्णविजेत्यांनी हौशी राहणं पसंत केलं. दोघी यूसीएलएकडून खेळल्या आणि 2018 चं राष्ट्रीय सांघिक विजेतेपद त्यांनी मिळवलं. एकीनं कॉलेज गमावलं, दुसऱ्यांनी ऐन बहरातली कमाई. अठरा वर्षांच्या मुलींना अशा पेचात टाकणारा हा नियम मला नेहमीच अन्यायाचा वाटत आला आहे. या खेळात कमाईची वर्षं आधीच थोडी असतात.

1 जुलै 2021 पासून हा नियम शिथिल झाला. स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून पैसे मिळवले तरी कॉलेजचं खेळणं सुटेनासं झालं. ही तारीख टोकियोतल्या त्या अंतिम फेरीच्या बरोबर चार आठवडे आधीची. म्हणून सुनी ली सुवर्णपदक जिंकून दूरचित्रवाणीवरच्या नृत्यस्पर्धेत नाचू शकली, जाहिराती करू शकली, आणि जानेवारीत ऑबर्नच्या गणवेशात उतरूही शकली. तिच्यासारखाच निर्णय टोकियोच्या इतर अमेरिकी मुलींनीही घेतला. जॉर्डन चाइल्स यूसीएलएत, ग्रेस मॅकॅलम यूटात, फ्लोअरवर सुवर्ण जिंकलेली जेड केरी ओरेगन स्टेटमध्ये.

आता तिसरा प्रश्न, अभ्यासाचा. इथं एक गैरसमज दूर करायला हवा. कॉलेजात गेल्यावर मुलींचा सराव वाढत नाही, घटतो. ऑलिम्पिकच्या तयारीतली मुलगी आठवड्याला तीसहून अधिक तास जिममध्ये असते. एनसीएएचा नियम सांगतो की मोसमात प्रशिक्षकांनी घेतलेला सराव आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त नको, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी हवीच. अभ्यासाकडूनही दोर बांधलेला असतो. सत्राला साधारण 12 क्रेडिट घ्यावी लागतात. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा 40 टक्के, तिसऱ्याअखेर 60 टक्के, चौथ्याअखेर 80 टक्के भाग पुरा झालेला लागतो. नाहीतर संघात जागा नाही. त्यासाठी शिकवणी, अभ्यास सल्लागार, प्रवासात परीक्षा देण्याची सोय हे सगळं विद्यापीठ पुरवतं. अनेक वर्षं महिलांच्या प्रत्येक संघाला 12 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या. शुल्क, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं त्यात आलं. तिथल्या शिक्षणाचा खर्च तुमच्या मुलीला विचाराल, तर घरातले लोक या शिष्यवृत्तीवर डोळा ठेवून मुलींना सरावाला न्यायला वर्षानुवर्षं पहाटे गाड्या का चालवतात ते कळेल.

खरी ओढाताण दिवसाच्या तासांत होत नाही, वर्षाच्या महिन्यांत होते. कॉलेजचा मोसम जानेवारी ते एप्रिल, जवळजवळ दर आठवड्याला एक स्पर्धा. ऑलिम्पिकची संघनिवड जूनअखेर. मधल्या दहा आठवड्यांत कसरतीतले अवघड घटक परत आणायचे, जोडायचे, पक्के करायचे. कॉलेजसाठी घासूनपुसून छोटी केलेली कसरत आंतरराष्ट्रीय पंचांपुढं चालत नाही, तिथं काठिण्याचे गुण कमी पडतात. शिवाय तीन-साडेतीन महिने आठवड्यागणिक उतरून घोटे आणि मनगटं दमलेली असतात.

या पेचातून पॅरिस 2024 च्या आधी तिघींनी तीन वाटा काढल्या. जेड केरीनं दोन्ही केलं, त्याच वर्षी ओरेगन स्टेटचा मोसम खेळली आणि मग ऑलिम्पिकला गेली. जॉर्डन चाइल्सनं 2023 मध्ये बार्स आणि फ्लोअरचं विद्यापीठ विजेतेपद मिळवलं, 2024 चा मोसम सोडला, पॅरिसहून आल्यावर 2025 मध्ये यूसीएलएत परतली आणि बार्सचं विजेतेपद पुन्हा जिंकलं. सुनी लीनं दुसरा मोसम हा शेवटचा असं आधीच जाहीर केलं होतं. तो मोसमही मूत्रपिंडाच्या आजारामुळं 2023 मध्ये अर्धवट सुटला. त्या आजारातून उठून ती पॅरिसला पोचली, सांघिक सुवर्ण आणि सर्वांगीण व बार्सचं कांस्य घेऊन आली. अशा आजारानंतर ती पुन्हा बार्सला लटकली, याचंच मला टोकियोच्या सुवर्णाहून अधिक कौतुक आहे.

तेव्हा समतोल म्हणजे सकाळी वर्ग, दुपारी जिम असं एक वेळापत्रक नव्हे. काही वर्षं एकाला, काही दुसऱ्याला, आणि मध्ये कधी दोन्ही एकदम, असा तो असतो. पॅरिसच्या अमेरिकी संघातल्या पाचांपैकी तिघी कॉलेजात खेळलेल्या होत्या, आणि त्या सगळ्या एकविशीच्या पुढच्या. जिम्नॅस्टचं आयुष्य अठराव्या वर्षी संपतं हा समज कॉलेजनं मोडून काढला, असं म्हणता येईल.

पुरुषांचं थोडं वेगळं आहे. त्यांच्या कॉलेज स्पर्धा आंतरराष्ट्रीय गुणपद्धतीनंच होतात, त्यामुळे कसरत दोनदा रचावी लागत नाही. पॅरिसमध्ये सांघिक कांस्य जिंकणाऱ्या अमेरिकी संघातले फ्रेडरिक रिचर्ड आणि आशर हाँग तेव्हा विद्यार्थीच होते. पण पुरुषांचे संघ उरलेत थोडे.

आपल्याकडे विद्यापीठ असा आधार देत नाही. भार असतो तो भारतीय क्रीडा प्राधिकरण (साई), राष्ट्रीय महासंघ, नोकरी आणि प्रशिक्षक यांच्यावर. आगरताळ्याची दीपा कर्माकर 2016 मध्ये रिओत व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली, तिचं कांस्य 0.150 गुणांनी हुकलं. त्या दौऱ्यात तिनं एम.ए.ची पुस्तकं सोबत नेली होती आणि परतल्या परतल्या ती राज्यशास्त्राच्या परीक्षेला बसली. ते तिच्या जिद्दीवर झालं, व्यवस्थेच्या बळावर नव्हे. महाराष्ट्रात दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात ही चांगली गोष्ट आहे, पण खऱ्या गरजेची वर्षं त्यानंतरची, पदवीची असतात.

राहिली तुमची नात. कॉलेजात खेळायला ऑलिम्पिकच्या वाटेनंच जावं लागतं असं मुळीच नाही. कॉलेज संघांतल्या बहुसंख्य मुली अमेरिकी क्लब-पद्धतीतल्या सर्वांत वरच्या, म्हणजे दहाव्या पातळीवरून येतात. कॉलेजची गुणपद्धतीही त्याच पातळीच्या नियमांवर बेतलेली आहे. विद्यापीठांचे प्रशिक्षक मुलींशी थेट बोलू शकतात ते दहावी इयत्ता संपल्यावरच्या 15 जूनपासून. त्याआधी कुणी जागा मिळवून देण्याचं आश्वासन देत असेल, तर जावयांना सांगा, कान देऊ नका. तोवर तिचे घोटे, तिची झोप आणि तिचं गणित सांभाळलं तरी पुष्कळ झालं.