कॅरामल : साखर, रंग आणि चटका

"डॉक्टर, पुडिंगमधली साखर जळालेलीच असते. मग मधुमेह असला तरी थोडे खायला काय हरकत?" असे रुग्ण मला नेहमी विचारतात. म्हणून कॅरामल म्हणजे काय, ते आज पाहू.

कोरड्या पातेल्यात साखर मंद आचेवर ठेवली की ती वितळते. तापमान साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला पोहोचले की साखरेच्या रेणूंतील पाणी निघून जाऊ लागते, रेणू तुटतात आणि नव्याने जोडले जातात. त्यातून तपकिरी रंग, खमंग वास आणि किंचित कडवटपणा येतो. हेच कॅरामल. पण मधासारखा रंग येताच आपण गॅस बंद करतो. तेव्हा बरीचशी साखर शिल्लकच असते. एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम साखरेतून २० कॅलरी मिळतात. शिवाय पुडिंगच्या दुधातही साखर असतेच. म्हणून मधुमेह्यांनी याला गोडच समजावे.

दुसरा प्रकार म्हणजे कारखान्यात तयार होणारा कॅरामल रंग. तो कोला, सॉस, काही बिस्किटे व ब्रेड यांत वापरतात. वेष्टनावर तो १५०ए ते १५०डी अशा क्रमांकांनी ओळखावा. यातील सी व डी हे प्रकार अमोनियायुक्त पदार्थ वापरून करतात. त्यांत तयार होणाऱ्या एका घटकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली, प्राण्यांवरील प्रयोगांवरून, 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले. माणसात तसा पुरावा मिळालेला नाही. घाबरू नये. कोलाच्या ३०० मिलिलीटरमधील सहाएक चमचे साखरेची काळजी अधिक करावी.

ब्रेडचा तपकिरी रंग पाहूनही फसू नये. मैद्याच्या ब्रेडलाही हा रंग देता येतो. घटकांच्या यादीत पहिले नाव संपूर्ण गव्हाच्या पिठाचे आहे का, ते पाहावे.

शेवटी महत्त्वाचे. कॅरामल उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते आणि कातडीला चिकटते. ते करताना मुलांना दूर ठेवावे. त्यात पाणी घालायचे तर भांडे आचेवरून उतरवून, गरम पाणी, थोडे थोडे घालावे. भाजल्यास भाग लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट वा शाई लावू नये. फोड मोठा असेल किंवा चेहरा, हात भाजले असतील तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.