भरलेली डिस्क आणि वाचता येणारी डिस्क

लास व्हेगासच्या डेफकॉनला निघालेली तरुण मंडळी मला विचारतात, कुठली भाषणं चुकवू नयेत? भाषणं नंतरही मिळतात, असं मी त्यांना सांगते. सगळ्यात आधी डेटा डुप्लिकेशन व्हिलेजच्या रांगेत उभे राहा आणि तिथे जाण्याआधी घरीच थोडी मेहनत घ्या.

जेफ मॉस यांनी १९९३ साली सुरू केलेल्या या हॅकर संमेलनात वेगवेगळ्या विषयांची ‘व्हिलेज’ भरतात. त्यातलं हे एक. आपण कोरी साटा हार्ड डिस्क नेऊन द्यायची, स्वयंसेवक ती डुप्लिकेटरला लावतात आणि भरून परत देतात. पूर्वी ६ टीबीची डिस्क चालायची, आता ८ टीबी किंवा त्याहून मोठी लागते. जो आधी देईल त्याची आधी भरते, म्हणून डिस्क पहिल्याच दिवशी द्यावी. एका डिस्कला सहज १४ तास लागतात, कधी पूर्ण दिवस.

इंटरनेट असताना डिस्क कशाला वाहायच्या, असं वाटेल. हिशोब करून बघा. १०० एमबीपीएसची लाइन एकदाही न अडखळता पूर्ण वेगाने चालली, तरी ८ टीबी उतरायला सात दिवसांच्या वर जातात. घरच्या लाइनवर असं कधी होत नाही.

भरून मिळणाऱ्या मालाचे मुख्य प्रकार दोन. पहिला म्हणजे इन्फोकॉनचा संग्रह: जगभरच्या सुरक्षा संमेलनांतल्या भाषणांची चित्रफीत, ध्वनिफीत, स्लाइड. दुसरा, रेनबो टेबल. पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांच्यावरून काढलेले ठसे, आधीच गणून, साखळ्यांच्या रूपात साठवलेले हे प्रचंड तक्ते. फिलिप ओक्सलिन यांनी २००३ साली ही पद्धत मांडली. जुन्या विंडोजचा एलएम हॅश पासवर्डचे सात-सात अक्षरांचे दोन तुकडे करायचा, शिवाय सगळी अक्षरं कॅपिटल करायचा. तो या तक्त्यांपुढे टिकतच नाही. पण हॅशमध्ये सॉल्ट मिसळलं, म्हणजे प्रत्येक पासवर्डला वेगळा यादृच्छिक तुकडा जोडला, की तक्ते निकामी. त्यांच्याच सोबत २जी फोनच्या ए५/१ सांकेतीकरणाचे तक्तेही मिळत आले आहेत. कार्स्टन नोल यांनी डिसेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये त्या कामाची मांडणी केली होती. आपल्याकडे २जी अजून चालू आहे, तेव्हा ते शिकण्यासाठी मोलाचे आहेत. मात्र परवानगीवाचून दुसऱ्याचं संभाषण ऐकणं हा गुन्हा आहे, हे विद्यार्थ्यांनी पक्कं लक्षात ठेवावं.

एकच डिस्क परवडत असेल तर मी भाषणांची घ्या म्हणेन. तक्ते पुन्हा गणता येतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्याने कॅमकॉर्डरवर टिपलेलं भाषण मात्र हरवलं की कायमचं गेलं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. एका वर्षी तिथून भरून आणलेली डिस्क मी पुण्यात संगणकाला जोडली. सगळे फोल्डर दिसत होते, नावं दिसत होती. विंडोजमध्ये ७.२७ टीबी दिसलं, तेही बरोबर होतं, कारण विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. एवढ्यावरून डिस्क कमी भरली असं समजू नये. काही चित्रफिती लावून पाहिल्या, छान चालल्या. मग एका जुन्या भाषणाचं चित्र मध्येच गोठलं. फाइल कॉपी करायला घेतली तर ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’चा संदेश. पुढची फाइलही तशीच, मग अख्खा फोल्डर. डिस्क स्वतःबद्दल ठेवते ती नोंद, म्हणजे तिची स्मार्ट माहिती काढली तेव्हा उलगडा झाला. ‘पॉवर-ऑन अवर्स’च्या ओळीत हजारोंचा आकडा आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या, म्हणजे वाचता न आलेल्या तुकड्यांच्या, पुढे शून्य नव्हतं. सीलबंद खोक्यातून, नवी म्हणून विकलेली डिस्क कुठल्यातरी सर्व्हरमध्ये राबून आली होती. विक्रेत्याने हात वर केले.

व्हिलेजमधल्या कोणाचाही यात दोष नव्हता. हार्ड डिस्क लिहिते तेव्हा लिहिलेलं परत वाचून पाहत नाही. कमजोर सेक्टरवरही लेखन ‘यशस्वी’ होतं, डुप्लिकेटरला हिरवा दिवा दिसतो. खरं काय ते वाचायला गेल्यावर कळतं. पदरात पडलं ते पवित्र झालं, हा न्याय डेटाला लागू नाही.

म्हणून डिस्क प्रवासाच्या निदान पंधरा दिवस आधी विकत घ्या, बिलासकट, म्हणजे बदलून मागायला वेळ राहतो. खोकं उघडल्या उघडल्या स्मार्ट आकडे बघा. ते पुसूनही विकतात, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका. पूर्ण डिस्क एकदा लिहून पूर्ण वाचा. लिनक्सवर बॅडब्लॉक्स हे काम करतं. ८ टीबीला दिवसभरापेक्षा जास्त लागेल, लागू द्या. डिस्क जुन्या यूएसबी २.० पोर्टला लावली असेल तर नुसत्या वाचनालाच अडीच दिवस जातील, म्हणून डॉक आणि पोर्ट दोन्ही ३.० घ्या. डिस्क ७२०० आरपीएमची असावी. स्वस्त एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक सरकवलेले असतात आणि लेखन रेंगाळतं. डुप्लिकेटर एकाच वेळी अनेक डिस्क भरतो आणि सगळ्यात संथ डिस्कच्या चालीने चालतो. आपल्या काटकसरीपायी शेजारच्यांचा खोळंबा व्हावा, हे मला योग्य वाटत नाही.

देताना डिस्क खरोखर कोरी असू द्या. त्यावरचे घरचे फोटो किंवा ऑफिसच्या फायली नुसत्या डिलीट करणं पुरत नाही. अशा संमेलनात तर मुळीच नाही. तसंच कॉरिडॉरमध्ये अनोळखी माणसाने प्रेमाने पुढे केलेला पेनड्राइव्ह घेऊ नका. पेनड्राइव्हचं फर्मवेअर बदलून त्याला कीबोर्डचं सोंग देता येतं, हे नोल आणि याकोब लेल यांनी २०१४ मध्ये ब्लॅक हॅट संमेलनात दाखवलं आहे. अशा पेनड्राइव्हमध्ये फुटलेल्या पासवर्डच्या, ग्राहकांच्या याद्या असतील, तर प्रश्न आणखी गंभीर. त्या याद्यांमागे माणसं आहेत. संमेलनांची भाषणं वाटण्यासाठीच टिपलेली असतात. लोकांची खासगी माहिती तशी नसते.

परतताना डिस्क चेक-इन बॅगेत टाकू नका. अँटिस्टॅटिक पिशवीत, फोममध्ये गुंडाळून हातातल्या सामानात ठेवा. घरी आल्यावर पहिल्यांदा जोडाल ती रीड-ओन्ली, लिनक्सवर, कामाच्या नसलेल्या मशीनवर. मग सगळ्या फायलींचे चेकसम, म्हणजे त्यांच्या मजकुरावरून गणलेले ठसे, काढा. ते काढताना प्रत्येक बाइट वाचला जातो, त्यामुळे न वाचता येणारी जागा तिथेच उघडी पडते.

माझ्या खराब झालेल्या फायली अशाच सापडल्या आणि बहुतेक परतही मिळाल्या. इन्फोकॉन आपला संग्रह टॉरेंटनेही देतं. वाचता आलं तेवढं दुसऱ्या, तपासलेल्या डिस्कवर हलवलं आणि टॉरेंट क्लायंटला तो फोल्डर दाखवून ‘फोर्स रीचेक’ केलं. क्लायंटने तुकड्या-तुकड्याचा हॅश पडताळला आणि चुकलेले तुकडे तेवढे इंटरनेटवरून भरून घेतले. सगळंच्या सगळं उतरवावं लागलं नाही.

तपासलेल्या संग्रहाची एक प्रत आता नागपूरच्या मैत्रिणीकडे असते. गोव्यात २०१० पासून भरणाऱ्या नलकॉन या सुरक्षा संमेलनात भेटणाऱ्या कोणाला तो हवा असेल, तर तपासलेली डिस्क घेऊन यावं. सोबत चेकसमची यादीही देईन, आणि ती घरी गेल्यावर त्याच आठवड्यात चालवून मला कळवावं.